टेबलावरची नदी

"टेम्पो आलाय खाली. उचला आता तुमच्या सोंगट्या," असं म्हणत थोरली बाहेरच्या खोलीत आली आणि तिने टेबलाच्या कडेला हात घातला. त्याबरोबर टेबलाभोवतीची तिन्ही माणसं एकदम ओरडली.

"ताई, नको! पूल पडेल!"

थोरलीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग वाकून टेबलाखाली पाहिलं, टेबलावर पाहिलं. पूल कुठेच दिसेना. टेबलावर आईच्या माप घ्यायच्या फितीचा एक तुकडा आडवा पडला होता. त्याच्यावर एक अंगुस्तान पालथं घातलेलं होतं, पलीकडे दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ उभं होतं, आणि फितीच्या खाली, लाकडाला पडलेल्या एका लांब खाचेत, कोटाचं काळं बटण.

"हा पूल?"

"तरंगता पूल आहे तो. जादूचा," धाकटा म्हणाला. "पाच मिनिटं दे गं. एवढी लढाई संपू दे."

थोरली एका मोठ्या इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स होती. तिची बदली दुसऱ्या गावी झाली होती आणि उद्या सकाळी तिथे हजर व्हायचं होतं. राहायला एक खोली मिळाली होती: लोखंडी खाट, एक खिडकी आणि भिंतीवर आधीच्या कुणीतरी ठोकून ठेवलेला खिळा. त्या खोलीत तिला हे टेबल न्यायचं होतं. आई गेल्यावर दोघा भावंडांनी वाटणी केली होती, तीही चहा पिता पिता. शिवणयंत्र धाकट्याला, टेबल थोरलीला. ती म्हणाली, "टेबल मी नेऊ?" आणि तो म्हणाला, "ने की." इतक्या पटकन म्हणाला, की तिला थोडंसं लागलंच होतं.

आईने उभा जन्म या टेबलावर कापड बेतलं. खुणा उठवायची दातेरी चकती तिने एकाच जागी इतकी फिरवली, की लाकडात नागमोडी खाच पडली. दुसऱ्या कोपऱ्यात इस्त्रीचा काळा त्रिकोण होता. धाकटा लहानपणी पायरीवरून गडगडला तेव्हा आई हातातलं टाकून धावली आणि इस्त्री तशीच राहिली. नव्या गावात पहिल्या संध्याकाळी त्या काळ्या त्रिकोणाशेजारी कोपरं टेकून चहा प्यायचा, एवढंच थोरलीने मनाशी ठरवलं होतं. तेवढं झालं की परकं गाव आपोआप ओळखीचं होईल, असं तिला उगीचच वाटत होतं.

आणि त्या टेबलावर आता रिळाचा राक्षस उभा होता.

हा खेळ दर रविवारी दुपारी चाले. धाकटा सूत्रधार. म्हणजे जंगलं, नद्या, राक्षस सगळं त्याचं. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या तोंडून बोलायचं. विमा कंपनीत दावे तपासणारा धाकट्याचा मित्र जादूगार होता, काळं बटण. त्या जादूगाराचं नाव काजळ्या. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई एरवी मुंगी दिसली तर पाऊल उचलून घेत, पण रविवारी त्या कुऱ्हाड चालवणारा ठेंगू योद्धा असत, अंगुस्तान. कोण काय करू शकतं ते वीस तोंडांचा एक फासा ठरवी, आणि फाशालाही जे ठरवता येत नसे ते नियमांचं एक जाडजूड पुस्तक ठरवी. निदान तसं म्हणायचं. थोरलीने आजवर जे ऐकलं होतं त्यावरून ते पुस्तक काहीच ठरवत नसे. ते फक्त भांडणाला विषय पुरवी.

"फोटो काढा आणि नंतर दुसऱ्या टेबलावर मांडा," ती म्हणाली.

"नदी कुठून आणू?" धाकट्याने खाचेवरून बोट फिरवलं. "ही नदी आहे ताई. आणि ते काळं तळं."

तेवढ्यात टेम्पोवाला जिना चढून दारात आला. त्याच्यामागे दोरखंडाचं भेंडोळं खांद्यावर टाकून त्याचा मेव्हणा. "हेच का टेबल? भक्कम आहे," टेम्पोवाला म्हणाला. "ताई, लवकर करा. माझी दुसरी खेप आहे. एक कपाट वाट बघतंय माझी."

"आत्ता होईल दादा. बसा दोन मिनिटं." थोरली टेबलाकडे वळली आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "अडलंय कुठे?"

तिघंही एकदम बोलू लागले. त्या गलक्यातून तिला कळलं ते असं. काजळ्याने नदीवर जादूचा पूल टाकला. बाईंचा ठेंगू पुलावर चढला. मग राक्षसाने धक्का दिला आणि काजळ्या नदीत पडला. आता त्याच्या एका हातात दोर आहे, दुसऱ्या हातात काठी. त्याला मंत्र घालून सगळं जागच्या जागी थांबवायचं आहे. पण मंत्राला एक हात मोकळा लागतो.

"आणि काठी धरलेला हात मोकळाच आहे," विमावाला म्हणाला. "काठी कशाची? जादूची. हात कशात गुंतलाय? जादूत. म्हणजे जादूसाठी तो हात मोकळाच धरायला हवा."

"मुठीत वस्तू आहे ना रे?" धाकटा म्हणाला.

"पुस्तकात 'मोकळा' लिहिलंय, 'रिकामा' नाही."

"हे जेवण झाल्यापासून चाललंय," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मी तेव्हापासून पुलावर उभी आहे."

थोरलीने बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. तिने विचारायचं टाळलं.

"आमचा एक नियम आहे," विमावाला म्हणाला. "वाद मिटलाच नाही, तर जो खेळत नाही त्याचा निकाल शेवटचा. ताई, तुम्हीच सांगा."

थोरलीला वाटलं, चला, सुटका झाली. एक वाक्य बोलायचं आणि टेबल उचलायचं. "एका हातात सलाईनची बाटली आणि दुसऱ्या हातात पेशंटचा दंड असला, तर तिसरं काम करता येत नाही. मोकळा म्हणजे रिकामा. दोर सोड आणि मंत्र म्हण. झालं?"

"झालं!" धाकटा म्हणाला. "दोर सोडला."

"मी सोडला नाही, त्यांनी सोडायला लावला," विमावाला म्हणाला.

"दोर सोडला, म्हणजे धार ओढणार." धाकट्याने फासा टाकला आणि जीभ चावली. काळं बटण खाचेतून घरंगळत नेत त्याने थेट इस्त्रीच्या डागावर ठेवलं. "काजळ्या काळ्या तळ्यात. तोंड पाण्याखाली."

थोरलीला कळेना. मोकळा हात मिळाला होता, मग माणूस बुडाला कसा? "आता म्हणू दे ना मंत्र."

"मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो ताई. पाण्याखाली आवाज फुटतो का? हे तर तुलाच माहीत," धाकटा म्हणाला.

"नाही फुटत."

"बघा, निकाल दिला!" बाई ओरडल्या. "आता काजळ्या मेला, म्हणजे पूल पडला, म्हणजे मी पडले!"

"मग पडा ना बाई," थोरली काकुळतीला येऊन म्हणाली. "टेम्पो उभा आहे हो."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अंगुस्तानावर हलकेच बोट ठेवलं. "याला पोहता येत नाही गं," त्या म्हणाल्या.

थोरलीने रात्रपाळीत कितीतरी डोळे असे भरलेले पाहिले होते. तिचा जीव विरघळला. "बरं. बुडणारा माणूस लगेच तळाशी जात नाही. धडपडतो, तोंड वर येतं, श्वास घेतो. तेवढ्यात म्हणेल."

"तोंड वर!" विमावाल्याने बटण बोटभर सरकवलं. "आता मीठ."

"कसलं मीठ?"

"या मंत्राला चिमूटभर मीठ लागतं," धाकटा म्हणाला. "ते याच्या खिशात होतं. पाण्यात पडल्यावर विरघळलं."

"विरघळलं म्हणजे नाहीसं झालं का?" विमावाला पुढे सरसावला. "पुस्तक म्हणतं, मीठ जवळ असावं. कोरडं असावं असं कुठे म्हणतं? ते माझ्या आजूबाजूच्या पाण्यातच आहे. उलट आता सगळं तळंच माझ्या खिशात आहे असं धरायला हवं."

दारात बसलेल्या टेम्पोवाल्याने मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं. माल भिजला तरी माल पोचवलाच म्हणतात."

"तुम्ही मध्ये पडू नका हो दादा," थोरली म्हणाली, पण ती स्वतःच आता खुर्ची ओढून बसली होती. "मीठ आहे. सलाईनमध्ये मीठच असतं, दिसतं का कुणाला? आहे. पुढे."

"पुढे एकच अडचण," धाकटा पुस्तकाची पानं उलटत म्हणाला. त्याच्या आवाजात थोरलीला उगीचच आनंद झाल्यासारखा वाटला. "पूल काजळ्याच्या एकाग्रतेवर उभा आहे. नवा मंत्रही एकाग्रतेचाच. दोन गोष्टींवर एका वेळी लक्ष ठेवता येत नाही. नवा घातला की जुना सुटतो."

आता मात्र थोरलीला राग आला. मंत्र, मीठ, राक्षस तिला कळत नव्हते, पण हे तिला कळत होतं. "कोण म्हणतं येत नाही? माझ्या वॉर्डात एकाला ताप चढत असतो, एकीची कळ वाढत असते, तिसरा पळून जायच्या बेतात असतो, आणि फोन वाजत असतो. मी काय एकालाच बघत बसते? दोन गोष्टींवर लक्ष राहतं. माझा निकाल."

विमावाला टाळी वाजवणार तोच धाकटा शांतपणे म्हणाला, "ठीक. निकाल सगळ्यांना सारखा. राक्षसालाही मंत्र येतात. त्याने धुकं पसरून ठेवलंय, म्हणून गप्प उभा होता. आता धुकं ठेवून तो दुसराही मंत्र घालू शकतो."

"कुठला?" बाईंनी विचारलं.

"दहा हातांच्या बळाचा."

थोरलीने एकेकाचा चेहरा पाहिला. तिने जे जे सोडवलं होतं त्याची नवी गाठ बसली होती, आणि प्रत्येक गाठ तिच्याच हाताने. वॉर्डात असं कधी होत नसे. तिथे औषध दिलं की ताप उतरे, निदान शेजारच्या पेशंटला चढत नसे.

"दहा हातांचं बळ आलं तर हा काय करणार?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"पूल उचलणार," टेम्पोवाला म्हणाला. तो कधी उठून टेबलापाशी आला होता कुणालाच कळलं नव्हतं. "मी असतो तर तेच केलं असतं. एवढी लांब वस्तू मधे धरायची नाही. एका टोकाला खांदा द्यायचा, दुसरं टोक आधी वर घ्यायचं."

"मग तुम्हीच हलवा राक्षसाला," धाकटा म्हणाला. "मला पुस्तक बघायचंय."

टेम्पोवाल्याने हात विजारीला पुसले आणि दोन बोटांत रीळ धरलं. दुसऱ्या हाताने फितीचं टोक अलगद वर घेतलं. अंगुस्तान डुगडुगलं. "ए, कोपरा सांभाळ!" तो मेव्हण्यावर खेकसला. मेव्हण्याने दोरखंड खाली टाकला आणि फितीचा दुसरा कोपरा सांभाळला.

"अहो, याला उंचीची भीती वाटते!" बाई किंचाळल्या. "काजळ्या, म्हण ना रे तो मंत्र!"

विमावाल्याने घसा खाकरला. मंत्रालाही नियम होता. दोन ओळींचा हवा, यमक जुळलेलं हवं, आधी कधी न म्हटलेला हवा आणि तिथल्या तिथे सुचलेला हवा. "सदर नदी," तो म्हणाला आणि थांबला. "सदर नदी व तिच्या लगतचे सर्व राक्षस..."

"यमक!" धाकटा म्हणाला.

"सदर नदी व लगतचे राक्षस यांनी... आहे त्या स्थितीत... स्थितीत..." त्याच्या कपाळावर घाम आला. "भीतीत?"

"अरे बाबा, काहीतरी म्हण!" बाईंचा आवाज फुटला. टेम्पोवाल्याचा हात वर वर चालला होता. खाली कुणाच्या तरी गाडीने टेम्पोला वाट करायला हॉर्न दिला. थोरलीच्या डोक्यात राक्षस, कपाट, उद्याची हजेरी, डुगडुगतं अंगुस्तान सगळं एकत्र कालवलं गेलं, आणि तिने, लहानपणी धाकटा झोपायला त्रास द्यायचा तेव्हा आई जशी काहीबाही जुळवून म्हणायची त्याच चालीत, एका दमात म्हणून टाकलं:

"नदी गं बाई, वाहू नको, वाऱ्या रे दादा, जाऊ नको;
मी येईपर्यंत घरातलं काही, इकडचं तिकडे ठेवू नको!"

टेम्पोवाला हात वर धरून तसाच थांबला. मेव्हणाही थांबला. पंखा तेवढा फिरत राहिला, कारण त्याला मंत्र कळला नव्हता.

"अगं, किती गोड," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "लागला का गं मंत्र?"

धाकट्याने फासा टाकला. फासा टेबलभर गडगडत गेला, आईच्या खाचेत अडकला आणि वीस दाखवून थांबला.

"लागला," धाकटा म्हणाला. "ठेंगू वाचला. सगळं थांबलं."

"सुटले बाई!" थोरली उठली. "चला दादा, सोंगट्या काढा, टेबल धरा."

"एक मिनिट," विमावाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दावा नामंजूर करतानाचं शांत तेज आलं होतं. "जो मोठ्याने म्हणेल, त्याचा मंत्र. म्हणजे मंत्र तुमचा. आणि मंत्र कधीपर्यंत चालतो ते मंत्रातच सांगितलं असेल तर तेच धरायचं. तुम्ही म्हणालात, 'मी येईपर्यंत घरातलं काही इकडचं तिकडे ठेवू नको.' टेबल घरातलं आहे. ते हलवता येत नाही."

"पण मी आहेच ना इथे! आलेलीच आहे!"

"येण्यासाठी आधी जावं लागतं ताई. तुम्ही अजून गेलाच नाहीत."

हे चूक आहे, एवढं थोरलीला स्वच्छ कळत होतं. कुठे चूक आहे ते कळत नव्हतं. तिने मदतीसाठी धाकट्याकडे पाहिलं. तो पुस्तकात बघत नव्हता. अंगठ्याने तो काळ्या तळ्याचा काठ चोळत होता, लहानपणी आईच्या पदराची कड चोळायचा तसा.

"हे नाव कुणी ठेवलं रे?" तिने विचारलं. "काळं तळं?"

"आईने. आम्ही खेळायचो तेव्हा ती पलीकडे काजं करत बसायची. काजळ्याही तिनेच ठेवलं. दर रविवारी रात्री विचारायची, तुमचा काजळ्या मेला का रे?"

"मग मी टेबल मागितलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू मागितलंस ना," धाकटा म्हणाला. "तू कधी काही मागतेस का?"

थोरलीने पुन्हा टेबलाकडे पाहिलं. तिला तिथे इतकी वर्षं खाच आणि डाग दिसत होते. आता नदी दिसली, तळं दिसलं, आणि तळ्याच्या काठी चष्मा नाकावर ओढून काजं करणारी आई दिसली. त्या खिळ्याच्या खोलीत टेबल नेलं असतं तर ते टेबल झालं असतं, एवढंच.

तिने नाक ओढलं. "मंत्र लागलाय म्हणता, तर काय करणार," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"आणि मी काय रिकामा टेम्पो नेऊ?" टेम्पोवाल्याने विचारलं. त्याचा हात अजून वर होता.

"शिवणयंत्र ने ताई," धाकटा घाईघाईने म्हणाला. "ते आतल्या खोलीत आहे, ते माझं आहे, माझं मी देतो. मला कुठे शिवता येतं?"

"मला तरी कुठे येतं?"

"मग दर रविवारी ये. बाई शिकवतील."

"मला नाही येत गं शिवायला," बाई म्हणाल्या. "पण तू ये."

शिवणयंत्र खाली गेलं. टेम्पोवाल्याने जाण्याआधी फितीखाली दोन पुस्तकं रचून पूल आहे तसा अधांतरी ठेवला, कारण वस्तू अर्ध्या वर सोडून निघणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. थोरलीने सगळ्यांचा निरोप घेतला, टेबलावर एकदा हात टेकला, काठाकाठाने फिरवला, आणि मागे न बघता जिना उतरली.

टेम्पो मोठ्या रस्त्याला लागून सिग्नलला थांबला तेव्हा तिचा फोन वाजला. तिने तो कानाला न लावता मांडीवर ठेवून स्पीकर चालू केला, कारण दुसऱ्या हाताची मूठ वळलेली होती आणि ती का वळलेली आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ताई!" विमावाल्याचा आवाज थरथरत होता. "काजळ्या तळ्यात नाही!"

थोरलीने मूठ उघडली. तळव्यावर काळं बटण.

"माझ्याकडे आलाय," ती ओशाळून म्हणाली. "हात फिरवताना आला असेल. आता रे? मंत्र मोडला?"

फोनमध्ये पानं फडफडली. बाईंचा "अगं बाई, माझा पूल!" असा हुंदका आला. मग विमावाला सावकाश, शब्द तोलत म्हणाला, "नाही मोडला. मला मुद्दा सापडला. तुम्ही म्हणालात, 'घरातलं इकडचं तिकडे.' म्हणजे घरातल्या घरात हलवायला बंदी. घराबाहेर नेण्याबद्दल मंत्रात एक अक्षर नाही. घराबाहेर काहीही न्यायला पूर्ण मुभा आहे!"

थोरलीने बटणाकडे पाहिलं. टेम्पोवाल्याने थोरलीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर हळूहळू आठ्या गोळा झाल्या.

"म्हणजे ताई," तो म्हणाला, "टेबल नेता येत होतं?"

फोनमधून विमावाला अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मी माझं म्हणणं मागे घेतो."

"गाडी वळवू?" टेम्पोवाल्याने विचारलं. "अजून लांब नाही गेलो."

थोरलीने पदराच्या टोकाने काजळ्याला पुसून कोरडा केला आणि पर्समध्ये, चाव्यांच्या कप्प्यात, नीट ठेवला.

"काय म्हणाला तो? मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "चला दादा, सिग्नल सुटला."